बीपी ११०/८० असूनही तो शॉकमध्ये होता, ते कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ वर्षांचा मामेभाऊ दुचाकीवरून पडला. शुद्धीवर होता, नाव-पत्ता-तारीख सगळं नीट सांगत होता, बाहेरून खरचटण्यापलीकडे जखम नव्हती. बीपी ११०/८० आलं, नाडी १२०. तो सारखा पाणी मागत होता, घामाने भिजला होता, ‘मला उठून बसू द्या’ म्हणत अंगावरचं पांघरूण ढकलत होता. बीपी चांगलं आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले, आणि तासाभरात तो कोसळला. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव, फुटून पोटात दीड-दोन लिटर रक्त साचलं होतं. तातडीने ऑपरेशन झालं, प्लीहा काढावी लागली, तो वाचला. आता तुम्ही विचारताय की बीपी चांगलं असताना माणूस असा अचानक कसा कोसळतो, आणि शॉकमध्ये शरीरात नेमकं काय घडतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये आणि आयसीयूमध्ये असे पेशंट सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या वर्णनातली एकेक गोष्ट वाचताना मला ती ओळखीची वाटत गेली, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एका वाक्यात उत्तर देते: त्याचं बीपी चांगलं नव्हतं, शरीराने ते जिवाच्या आकांताने टिकवून धरलं होतं. तो आकांत बाकीच्या प्रत्येक लक्षणात दिसत होता.

हे समजायला रक्ताभिसरणाचे दोन-चार आकडे लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७० ठोके धरले तरी जवळपास ५ लिटर झाले. म्हणजे विश्रांतीतसुद्धा अंगातलं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करतं. विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं ते असाच हिशेब मांडून: अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त ढकलतं तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे. धमन्यांतलं रक्त शिरांत जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. १६६१ मध्ये इटलीच्या मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरं झालं. खरी देवाणघेवाण या केशवाहिन्यांतच होते. हृदय, धमन्या, शिरा हा सगळा खटाटोप तिथपर्यंत ऑक्सिजन पोचवण्यासाठी आहे. विश्रांतीत मिनिटाला सुमारे १००० मिलिलिटर ऑक्सिजन पेशींपर्यंत जातो आणि त्यातला २५० च्या आसपास वापरला जातो. बाकीची शिल्लक अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

आता बीपीकडे येऊ. धमन्यांतला सरासरी दाब दोन गोष्टींच्या गुणाकारातून ठरतो: हृदयातून मिनिटाला निघणारं रक्त, आणि अगदी बारीक धमन्यांचा, म्हणजे धमनिकांचा, त्या रक्ताला होणारा विरोध. धमनिकांच्या भिंतीत स्नायू असतो. तो आवळला की विरोध वाढतो, सैल पडला की कमी होतो. हा गुणाकार आहे हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या भावाच्या हृदयातून निघणारं रक्त समजा ५ लिटरवरून ३ लिटरवर आलं आणि धमनिकांचा विरोध दीडपटीहून थोडा जास्त वाढला. तरी सरासरी दाब ९० च्या आसपासच राहतो. निरोगी माणसाच्या १२०/८० ची सरासरी ९३ येते, ११०/८० ची ९०. यंत्रावर फरक दिसतच नाही, आणि आत पेशींना मिळणारं रक्त साठ टक्क्यांवर आलेलं असतं. शॉक म्हणजे हेच: पेशींना गरजेपुरता ऑक्सिजन न मिळणं. बीपी कमी होणं हे त्याचं एक लक्षण आहे, आणि रक्तस्रावात ते उशिरा दिसतं.

विरोध वाढवतं कोण? मानेत मुख्य धमनी जिथे दुभागते तिथे, आणि महाधमनीच्या कमानीत, भिंतीचा ताण मोजणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात. रक्त कमी झालं की भिंतीचा ताण कमी होतो, तिथून मेंदूकडे जाणारे संदेश विरळ होतात, आणि पुढच्या काही ठोक्यांतच मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र हालचाल सुरू करतं. हृदयाला संथ ठेवणारी व्हेगस नस गप्प होते, शरीराला संकटासाठी सज्ज करणाऱ्या सिम्पथेटिक नसा कामाला लागतात, मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी वाढते. ते १२० इथून आले.

त्याच वेळी शिराही आवळतात, आणि त्याचं महत्त्व फार कमी लोकांना माहीत असतं. अंगातलं जवळपास दोन-तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. त्या आवळल्या की हा साठा हृदयाकडे ढकलला जातो आणि काही काळ निभावून नेतो. दुसरीकडे कातडी, आतडी, मूत्रपिंडं आणि काम न करणारे स्नायू यांच्या धमनिका मिटत जातात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदय यांच्या वाट्याला येतं. ओढग्रस्तीच्या घरात आधी सणवार बंद होतात, मग कपडालत्ता, आणि दूध व औषधं शेवटपर्यंत चालू राहतात, तसाच हा क्रम आहे. म्हणून तुमचा भाऊ नीट बोलत होता. मेंदूचा वाटा अजून शाबूत होता, पण त्यासाठी बाकीचे अवयव उपाशी होते.

आता ११०/८० मधला ८० पाहा. तो तुम्हाला दिलासा देणारा वाटला असेल, मला त्याचीच काळजी वाटली असती. वरचा आकडा एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडलं यावर बराच अवलंबून असतो, खालचा आकडा धमनिका किती आवळल्या आहेत ते सांगतो. वरचा उतरतोय आणि खालचा तसाच आहे किंवा चढतोय, म्हणजे दोघांतलं अंतर कमी होतंय. निरोगी माणसात हे अंतर ४० च्या आसपास असतं, तुमच्या भावाचं ते ३० होतं. एकट्या या आकड्यावर निदान होत नाही, पण वेगवान नाडीसोबत आला की तो बोलका असतो. आणखी एक साधा हिशेब आहे, १९६७ पासून वापरात असलेला: नाडीला वरच्या बीपीने भागायचं. निरोगी माणसात उत्तर साधारण ०.५ ते ०.७ येतं. त्याचं आलं १२० भागिले ११०, म्हणजे १.०९. एकच्या पुढे गेलेला आकडा पाहिला की अपघाताचा पेशंट ‘स्थिर आहे’ असं मी म्हणत नाही, मग तो कितीही नीट बोलत असो.

घाम, तहान आणि चुळबुळ. सिम्पथेटिक नसाच घर्मग्रंथींनाही चालना देतात, म्हणून कातडीला रक्त नसताना तिला घाम फुटतो. हा घाम गार आणि चिकट असतो, उन्हातल्या घामापेक्षा हाताला अगदी वेगळा लागतो, एकदा अनुभवलेला विसरत नाही. तहान लागते कारण मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, आणि ते धमनिका आवळण्याबरोबर मेंदूत तहानही जागी करतं. अल्डोस्टेरॉन आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरकं मूत्रपिंडाला पाणी-मीठ राखून ठेवायला लावतात, म्हणून लघवी कमी होते. आयसीयूत आम्ही तासाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी होतेय का, हे पाहत असतो. चुळबुळीकडे घरची माणसं, आणि कधीकधी कर्मचारीही, ‘घाबरलाय’ म्हणून दुर्लक्ष करतात. कृपया करू नका. ऑक्सिजनचा मास्क ओढून काढणारा, उठून बसू पाहणारा, चिडचिड करणारा जखमी माणूस अनेकदा मेंदूचा वाटाही आता कमी पडू लागलाय, हेच दाखवत असतो. तो एकाएकी शांत झाला तर जास्त घाबरायचं.

श्वासाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे की तो भरभर श्वास घेत असणार. ऑक्सिजन कमी पडला की पेशी त्याच्याविना ऊर्जा बनवू लागतात. एका ग्लुकोजच्या रेणूपासून एरवी एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात त्या पदार्थाचे, तीसच्या आसपास रेणू मिळतात, तिथे फक्त दोन मिळतात आणि सोबत लॅक्टेट साचतं. रक्त आम्लधर्मी होतं, आणि ते सावरायला फुप्फुसं जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतात. रक्तातलं लॅक्टेट २ च्या आत असावं, ४ च्या वर गेलं तर परिस्थिती गंभीर आहे असं आम्ही धरतो. श्वास मोजायला यंत्रही लागत नाही, तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच आकड्याकडे होतं. मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारा जखमी माणूस केवळ भेदरलेला आहे, असं गृहीत धरू नये.

रक्त किती गेलं की काय होतं, याचे ढोबळ टप्पे आहेत. १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे पाऊण लिटर गेलं तरी तरुण शरीर फारसं दाखवत नाही. रक्तदानात साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर जातं आणि माणूस थोड्या वेळात चालत बाहेर पडतो. १५ ते ३० टक्क्यांत नाडी वाढते, वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर कमी होतं, अस्वस्थपणा येतो, पण वरचं बीपी बहुधा टिकतं. ते पडायला लागतं ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दीड लिटर गेल्यावर. ४० टक्क्यांनंतर जीव वाचवायला फार थोडा वेळ हातात असतो. तुमच्या भावाचं बीपी मोजलं तेव्हा तो दुसऱ्या टप्प्यात असावा. त्या वेळी हिमोग्लोबिन तपासलं असतं तरी ते चांगलंच आलं असतं. रक्त जातं ते पेशी आणि पाणी मिळून जातं, त्यामुळे उरलेल्याचं प्रमाण सुरुवातीला तेच राहतं. पुढे पेशींभोवतालचं पाणी केशवाहिन्यांत शिरू लागतं आणि रक्त पातळ होतं, मग आकडा उतरतो. ताज्या रक्तस्रावात ‘हिमोग्लोबिन १३ आहे’ या वाक्यावर विसंबू नये ते यामुळे.

मग ‘अचानक’ काय झालं? खरं तर अचानक काही झालं नाही, एक एक राखीव साठा संपत गेला. शिरांतलं रक्त वापरून झालं. हृदयाच्या स्नायूला मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत रक्त मिळतं. नाडी वाढत गेली तशी ती विश्रांती आखूड होत गेली, म्हणजे काम वाढलं आणि पुरवठा घटला. आम्लामुळे धमनिकांचा स्नायू अ‍ॅड्रेनलिनला दाद देईनासा झाला आणि आवळलेल्या धमनिका सैल पडल्या. त्या क्षणी गुणाकारातला दुसरा आकडाही कोसळला, म्हणून बीपी एकदम खाली आलं. याच काळात पेशींच्या भिंतीतले सोडियम बाहेर टाकणारे पंप थकतात, पेशी फुगतात, केशवाहिन्यांचं अस्तर झिरपू लागतं. अंग थंड पडतं, थंड आणि आम्लधर्मी रक्त नीट गोठत नाही, न गोठल्यामुळे आणखी वाहतं, आणि आणखी थंड होतं. हे चक्र सुरू झालं की नंतर कितीही रक्त चढवलं तरी माणूस हाती लागेलच असं नाही. तुमच्या भावाला त्याच्या अलीकडेच थिएटरमध्ये नेलं गेलं, हे त्याचं मोठं नशीब.

सगळे शॉक असे गार नसतात, हेही सांगायला हवं. रक्तात जंतुसंसर्ग पसरला की धमनिका सैलावतात; सुरुवातीला हात गरम, नाडी जोरकस, आणि खालचं बीपी फार कमी असतं. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झाली तर सिम्पथेटिक नसांचाच संपर्क तुटतो, मग बीपी कमी असूनही कातडी कोमट आणि नाडी संथ राहते. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकमध्ये रक्त पुरेसं असतं, ते ढकलणारं हृदयच दुबळं झालेलं असतं, तिथे बाटल्यांमागून बाटल्या सलाईन चढवलं तर फुप्फुसात पाणी भरतं. हृदयाभोवती रक्त साचणं, छातीत दाबाखाली हवा कोंडणं किंवा फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकणं, यांत वाटच अडते आणि ती मोकळी करणं हाच उपचार. तीव्र अ‍ॅलर्जीत मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, ताबडतोब द्यावं लागतं. अशा पेशंटला बीपी पडलेलं असताना उभं करू नये. शिरा सैल पडलेल्या असतात, उभं राहताच रक्त पायात उतरतं, हृदय रिकामं होतं आणि जागेवर प्राण जाऊ शकतो.

काही माणसांत लक्षणं फसवतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी गोळी, चालू असेल तर रक्त जात असतानाही नाडी ७५-८० वरच राहते. ज्यांचं नेहमीचं बीपी १६० असतं त्यांच्यासाठी ११० हे पडलेलंच बीपी आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे आईचे आकडे बरेच रक्त जाईपर्यंत ठीक दिसतात आणि बाळाचा पुरवठा मात्र आधीच कमी झालेला असतो. मुलांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. त्यांच्या धमनिका इतक्या घट्ट आवळतात की बीपी शेवटपर्यंत टिकतं, आणि पडतं तेव्हा हृदय बंद पडण्याच्या बेतात असतं. मूल मलूल झालंय, हातपाय गार आहेत, आईकडेही बघत नाही, एवढं पुरेसं आहे. तिथे बीपीची वाट पाहायची नाही.

यंत्राविना करता येण्यासारखी एक तपासणी शिकून ठेवा. जखमी माणसाचा हात हृदयाच्या पातळीवर धरून बोटाचं टोक पाच सेकंद दाबा, पांढरं पडेल. सोडा आणि मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा. तेवढ्यात गुलाबी रंग परत आला पाहिजे. तीन-चार सेकंदांनीही पांढरट राहिलं तर कातडीचा पुरवठा तोडला गेलाय. हवा गार असेल तर बोटं उगाच फसवतात, तेव्हा हेच छातीच्या मधल्या हाडावर दाबून पाहा. सोबत गुडघ्यांकडे नजर टाका. गुडघ्याच्या वाटीभोवती जांभळट जाळीदार ठिपके दिसायला लागले, तर केशवाहिन्यांत रक्त थबकलंय. आयसीयूत महागडी यंत्रं लावलेली असतानाही मी राउंडला आधी पांघरूण उचलून गुडघे पाहते.

उपचाराबद्दल थोडं, कारण ‘आधीच भरपूर सलाईन लावलं असतं तर?’ असंही तुम्ही विचारलंय. नाही. सलाईनमध्ये ऑक्सिजन वाहून नेणारं काही नाही, गोठवणारं काही नाही. ते रक्त पातळ करतं, थंड करतं, आणि बीपी वर ढकलून जेमतेम धरलेली गुठळी उखडू शकतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमींना पाहून १९१८ मध्येच हा इशारा दिला होता. छाती-पोटाला भोसकल्याची किंवा गोळीची जखम असलेल्या पेशंटवर अमेरिकेत ह्युस्टनमध्ये झालेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ऑपरेशनपर्यंत सलाईन थांबवलेल्या गटातले ७० टक्के वाचले, लगेच भरपूर दिलेल्या गटातले ६२ टक्के. म्हणून आता रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचं बीपी ८०-९० वर ठेवण्यात समाधान मानतात. डोक्याला मार असेल तर मात्र हा नियम लागू नाही, मेंदूला दाब लागतोच. रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स लवकर देणं, अंग गरम ठेवणं आणि रक्त जातंय ती जागा बंद करणं हे खरं काम. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड हे जुनं, स्वस्त औषध इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात, हे ४० देशांतल्या वीस हजारांहून अधिक पेशंटवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून सिद्ध झालंय. तीन तासांनंतर दिलं तर फायदा नाही, उलट अपायाची शक्यता.

तुम्ही त्याला पाणी दिलं नाहीत, हे योग्यच केलंत. पोट भरलेलं असताना भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी-अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ओठ ओले करायला हरकत नाही. अशा वेळी आडवं ठेवायचं, बसवायचं नाही, पांघरूण घालायचं, बाहेर रक्त येत असेल तर दोन्ही हातांनी न सोडता दाबून धरायचं आणि लवकरात लवकर जिथे ऑपरेशनची सोय आहे तिथे न्यायचं. पाय वर उचलल्याने शिरांतलं थोडं रक्त हृदयाकडे येतं, पण थोडाच वेळ, आणि कंबर, पाय किंवा पाठीला मार असेल तर उचलूच नयेत. बीपी एकदाच मोजून थांबू नका. दर पाच-दहा मिनिटांनी नाडी, श्वास आणि बीपी लिहून डॉक्टरांच्या हाती दिलंत, तर ती चढ-उतार कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण त्याच्यासाठी ती आता सगळ्यात महत्त्वाची आहे. प्लीहा काढलेल्या माणसात काही जंतू, विशेषतः न्यूमोकोकस, फार झपाट्याने वाढतात, आणि साध्या तापापासून जंतुसंसर्गाच्या शॉकपर्यंत काही तासांत पोचवू शकतात. त्याला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी यांच्या लसी मिळाल्या आहेत का, ते डिस्चार्ज कार्डावर पाहा. तातडीच्या ऑपरेशननंतर त्या साधारण दोन आठवड्यांनी देतात. दिल्या नसतील तर याच आठवड्यात सर्जनना भेटा. प्लीहा नसल्याची चिठ्ठी त्याच्या पाकिटात कायम असू द्या. आणि ताप आला, थंडी वाजली, तर घरी गोळी घेऊन उद्यापर्यंत वाट पाहायची नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जायचं आणि आत शिरताच ‘मला प्लीहा नाही’ हे आधी सांगायचं.